गाडीतला गॅस संपत नसतो, गळतो



चैत्र लागला की वऱ्हाडातल्या घरांमध्ये कामांची रांग लागते. कूलर पुसून खिडकीत बसवायचा, त्याच्या ताट्या बदलायच्या, पंप फिरतो की नाही ते बघायचं. नवा माठ आणायचा. गव्हाचा चीक, कुरडया, सरगुंडे, पापड. या रांगेच्या शेवटी आता आणखी एक काम येऊन उभं राहिलं आहे आणि ते मात्र आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळ्या होतो. ते म्हणजे गाडीचा एसी.

आता गाडी बऱ्याच घरांत आली आहे आणि चालवणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. अमरावतीहून अकोल्याला लग्नाला जायचं, मुहूर्त भर दुपारचा. रस्ता तर काय सुरेख झालाय! याच अमरावती-अकोला पट्ट्यात २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेलं. पण चौपदरी रस्त्याला सावली कुठली? बडनेरा सोडलं की डोक्यावर सूर्य आणि खाली तापलेलं डांबर. २०२० च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा ४७ च्या वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावण्याची वेळ आली. अशा दिवशी मागच्या सीटवर सत्तरीच्या सासूबाई आणि मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू असलं, की एसी ही चैनीची वस्तू राहत नाही.

आणि नेमका तेव्हाच तो गरम वारा फेकू लागतो. गाडी गॅरेजात जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, न उघडल्यासारखं पाहतो आणि म्हणतो, "ताई, गॅस संपला जी. भरून देतो, मस्त थंडं होईन." हजार-दोन हजार देऊन आपण घरी येतो. महिना-दोन महिने गार वाटतं. पुढच्या चैत्रात पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा तेच पैसे.

तर आज एवढंच सांगायचं आहे, की हा गॅस संपत नसतो.

आपला घोटाळा होतो तो शब्दामुळे. गॅस म्हटला की आपल्याला स्वयंपाकघरातलं सिलिंडर आठवतं. ते जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही. रहाटाला बांधलेली गाडगी जशी तीच तीच खाली जातात आणि भरून वर येतात, तसा तोच गॅस आतल्या आत फिरत राहतो. माठ पाझरतो, त्याचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं, हे आपण जन्मभर पाहत आलो. गाडीतही तेच. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात पातळ झालेला गॅस उकळून वाफ होतो आणि गाडीतली उष्णता उचलतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पुढच्या जाळीत ढकलतो. ही जाळी, म्हणजे कंडेन्सर, गाडीच्या अगदी तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असते. तिथे वारा लागून उष्णता बाहेर जाते, गॅस पुन्हा पातळ होतो, एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून परत कॉइलकडे येतो. झालं. यात खर्च होतं ते पेट्रोल, गॅस नव्हे.

घरच्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्याला गॅस भरतो का आपण? दहा-दहा वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. गाडीचं थोडं वेगळं आहे, हेही सांगितलं पाहिजे. तिथे रबरी नळ्या असतात, जोड असतात, रात्रंदिवस हादरे असतात. त्यामुळे चार-सहा वर्षांत थोडा गॅस झिरपून जाणं मी समजू शकते. पण दरवर्षी? दरवर्षी गॅस भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, आणि आपण भोक असलेल्या घागरीत पाणी ओतण्याचे पैसे देत आहोत.

त्यातून, एसी गार होत नाही याचं कारण प्रत्येक वेळी गॅसच असतं असंही नाही. म्हणून गॅरेजात जाण्याआधी पंधरा मिनिटं घरच्या अंगणात घालवा. पाने-पकड काही लागत नाही. साधा हवामानाचा थर्मामीटर असला तर उत्तम. तापाचा नको, तो ३५ च्या खाली उतरतच नाही! गाडी सावलीत पण मोकळ्या जागी उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराला वास नसला तरी तो जीवघेणा असतो. आणि बॉनेट उघडणार असाल तर पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. पुढचा पंखा आपोआप सुरू होतो, कधी कधी इंजिन बंद असतानासुद्धा. रेडिएटरच्या झाकणाला तर गरम इंजिनात मुळीच हात लावू नका.

आता इंजिन चालू करा, एसी लावा, पंखा पूर्ण वेगावर, थंडाव्याचं बटण शेवटपर्यंत, आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटणही दाबा. पाच-सात मिनिटं थांबा.

आधी फक्त वाऱ्याकडे लक्ष द्या. वारा जोरात येतो आहे का? पंखा घोंघावतो भरपूर, पण जाळीतून फुंकर घातल्यासारखीच हवा येते, असं असेल तर गॅसचा विचारच करू नका. बहुतेक गाड्यांत डावीकडच्या कप्प्यामागे एक कागदी फिल्टर असतो, कप्पा काढला की हाताला लागतो. आमच्याकडच्या धुळीत वर्षभरात त्याची काय दशा होते ते एकदा डोळ्यांनी पाहाच. काळा, केसाळ, वर कापसाची बोंडं फुटल्यासारखा. तो धुवायचा नसतो, कागद आहे तो. झटकून फार तर चार दिवस काढता येतात, मग नवाच घालायचा. हे काम स्वतःला जमतं आणि खर्चही थोडका. काही जुन्या, लहान गाड्यांत हा फिल्टर नसतोच, तिथे धूळ थेट कॉइलवर बसते आणि मग मिस्त्रीकडून कॉइल साफ करून घ्यावी लागते. वारा सुरुवातीला चांगला असतो, अर्ध्या तासाने बारीक होत जातो आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा नीट येतो, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. हे लक्षण गॅरेजात याच शब्दांत सांगा, अर्धं काम तिथेच होतं.

वारा भरपूर आहे पण गार नाही, तर कान द्या. एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटखालून 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन किंचित दबल्यासारखं होतं. तो कॉम्प्रेसरचा क्लच लागण्याचा आवाज. (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथे आवाज येणार नाही.) टक् होतच नसेल तर कारण दहा पैशांचंही असू शकतं, दहा हजारांचंही. फ्यूज उडालेला असतो, रिले गेलेला असतो, तार निघालेली असते. किंवा गॅस खरोखरच इतका कमी असतो, की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. टक् होऊन लगेच सुटत असेल, पुन्हा लागत असेल, पुन्हा सुटत असेल, तर बहुधा गॅस कमी आहे. आता इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, एसीच्या जाड नळीला बोट लावून पाहा. ती माठासारखी गार लागली पाहिजे. शेजारची बारीक नळी मात्र चटका देते, तिला शिवू नका.

गाडी पळते तेव्हा एसी गार, आणि राजकमल चौकात सिग्नलला उभी राहिली की गरम? हे लक्षण तर आपल्या गावांचं खास. पळताना समोरून वारा आपोआप लागतो, उभी असताना तो पंख्याने द्यावा लागतो. म्हणजे पुढचा पंखा फिरत नाही, किंवा जाळी बुजली आहे. एसी लावल्यावर गाडीच्या पुढे, हातभर लांब उभं राहून पाहा. मिनिटाभरात पंखा सुरू व्हायला हवा. जाळीचं म्हणाल, तर वऱ्हाडातल्या गाडीची जाळी मुंबईच्या गाडीसारखी नसते. कार्तिकापासून माघापर्यंत रस्त्यावर कापसाच्या गाड्या आणि ट्रक. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी झालर पडलेली असते, ते तंतू उडून जाळीत बसतात, त्यावर धूळ, त्यावर किडे, आणि चैत्रापर्यंत त्याचं नमद्यासारखं अस्तर होतं. उष्णता बाहेर पडणार कुठून? सकाळी इंजिन थंड असताना बागेच्या नळीने साधं पाणी हळूहळू सोडा. सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार नको. त्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या वाकल्या की वाराच बंद होतो. कितीतरी गाड्या एवढ्या आंघोळीनेच सुधारतात.

थर्मामीटर मधल्या जाळीत अडकवलात ना? बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना तिथे दहा ते पंधराच्या दरम्यान काटा आला, तर तुमच्या एसीला काही झालेलं नाही. गाडी उन्हात तापली होती, एवढंच. ती गार व्हायला वेळ लागतोच.

पाण्याबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. एसी नीट असला की गाडीखाली पाणी ठिबकतं, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण ते पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतं. आमच्या वैशाखात हवेत ओलावा असतो कुठे? ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. तेव्हा मे महिन्यात गाडीखाली दोनच थेंब पडले म्हणून घाबरू नका, आणि तेवढ्यावरून कोणी गॅस भरायला सांगितलं तर भरू नका. तोच एसी श्रावणात भरपूर ठिबकेल. उलट, पाणी बाहेर न पडता डाव्या बाजूच्या पायाशी सतरंजी भिजत असेल, तर पाणी जायची नळी तुंबली आहे. ती मोकळी करणं पाच मिनिटांचं काम. भिजलेलं चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर मात्र ते रेडिएटरचं पाणी असतं, तिथे उशीर करू नका. आणि एसी लावताच ओल्या फडक्याचा कुबट वास येत असेल तर कॉइलवर बुरशी आहे. घरी पोचायच्या दोन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायची सवय लावा, कॉइल वाळते.

इतकं पाहून झालं की गॅरेज. तिथे आपल्याला "तुमाले काय समजते जी यातलं" असं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर असतं. भांडू नका. शांतपणे सांगा, "भाऊ, वारा चांगला आहे, फिल्टर नवा आहे, पंखा फिरतो, जाळी धुतली आहे, टक् होऊन सुटतं. गॅस कमी असेल तर आधी गळती कुठे आहे ते दाखवा, मग भरा." हे ऐकल्यावर निम्मे मिस्त्री सरळ बोलू लागतात. मिस्त्री वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. गळती शोधायला तास-दोन तास लागतात, गिऱ्हाईक घाईत असतं आणि "आज भरून द्या, लग्नाला जायचंय" असं आपणच म्हणत असतो.

गळतीची एक खूण आपल्यालाही दिसते. या गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा पाझर येतो आणि त्यावर धूळ बसून काळा, तेलकट मळ धरतो. लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी धरतो ना, तसा. नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचं तोंड, जाळीचा खालचा कोपरा पाहायला सांगा. तिथे दिसलं नाही तर नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघतात, किंवा गॅस हुंगणारं यंत्र फिरवतात. गळती कूलिंग कॉइलला निघाली तर काम मोठं. पुष्कळ गाड्यांत सगळा डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणून खर्च आधी विचारा. जाळीला किंवा जोडाला असेल तर आटोपशीर.

दुरुस्ती झाली की भरण्याआधी व्हॅक्यूम केलाच पाहिजे. म्हणजे पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, निदान अर्धा तास. मग पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. काटा परतला तर अजून गळती आहे. हा अर्धा तास तिथे बसून राहा, विणकाम घेऊन जा हवं तर! जिथे पाच मिनिटांत "झालं जी ताई" म्हणतात, तिथे ओल आत राहते आणि पुढे तीच कॉम्प्रेसर खाते. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर नावाची डबीही बदलायला हवी, ती ओल टिपायलाच असते; आपण मिठाच्या बरणीत तांदूळ घालतो तशी. गॅस वजनावर भरायला सांगा. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाडीत साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम. आपल्याकडच्या उन्हात घड्याळाचे काटे तसेही वर चढतात, त्यामुळे नुसत्या अंदाजाने भरलेला गॅस कमी तरी होतो नाहीतर जास्त. आणि जास्त गॅसनेही थंडावा कमीच होतो, पोट भरल्यावरचं वाढणं बाधतं तसं.

चिठ्ठीवर बहुधा आर-१३४ए असेल, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. दुसरा कुठला भरू देऊ नका. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा स्वस्त गॅस तर अजिबात नाही. तो पेटतो, आणि ती कॉइल आपल्या गुडघ्यांपुढे असते. विजेवर चालणारी गाडी असेल तर आतल्या नारिंगी तारांना घरात कोणी हात लावायचा नाही, तिचं तेलही वेगळं असतं. ती तिचं काम जाणणाऱ्याकडेच न्यावी.

गळका गॅस जातो कुठे, तर आकाशात. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ असे, तो ओझोनचा थर खातो असं लक्षात आल्यावर १९८७ साली माँट्रियलला जगभरच्या देशांचा करार झाला आणि तो हळूहळू गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जड आहे. म्हणजे अकोल्याच्या उन्हावर उपाय म्हणून भरलेला गॅस गळून पुन्हा उन्हालाच मदत करतो. बुजवलेलं भोक त्या दृष्टीनेही बरं.

एसी चांगला झाला, तरी एक गोष्ट कधी करू नका. "दोन मिनिटांत येते" म्हणून झोपलेलं लेकरू बंद गाडीत ठेवून दुकानात शिरू नका. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत सुमारे दहा अंश वाढतात, काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही, आणि मुलाचं अंग आपल्यापेक्षा फार लवकर तापतं. एसी चालू ठेवून गेलात आणि इंजिन बंद पडलं, तर तेच. मुलं खेळता खेळता गाडीत शिरून दार लावून घेतात, म्हणून दारात उभी गाडीही कुलूपबंद असू द्या आणि किल्ली उंच खिळ्याला.

वाटेतच एसी बंद पडला तर? मूर्तिजापूर गाठेपर्यंत काचा उघड्या ठेवा, पंचे ओले करून मानेवर आणि बाळाच्या अंगावर ठेवा, पाणी घोट घोट देत राहा. गावात सावली पाहून थांबा, ऊन उतरल्यावर निघा. लग्नाचा मुहूर्त चुकला तर चुकला. कोणाचं अंग तापलं आहे आणि बोलणं असंबद्ध होतं आहे असं दिसलं तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा.

गाडीत बसताना आधी चारही दारं उघडून कोंडलेली उष्णता जाऊ द्या, काचा खाली ठेवून मिनिटभर चला, मग एसी लावा. गार झाल्यावर आतलीच हवा फिरवा, पण लांबच्या प्रवासात मधून मधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालवणाऱ्याला पेंग येते. आणि थंडीत एसी विसरून जाऊ नका. पौषातसुद्धा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा, म्हणजे ते तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरचं रबर कोरडं पडून चिरत नाही. पावसाळ्यात तर आपोआपच लावला जातो, काचेवर धरलेली वाफ एसीने मिनिटात उतरते, फडक्याने पुसत बसावं लागत नाही.